'सर, थोडं हाय आहोत ना?' हे वाक्य मला फार महागात पडलं

तुझी पोस्ट वाचली आणि दहा-बारा वर्षांपूर्वीचा मीच समोर उभा राहिलो. तू मूळचा फोंड्याचा, फर्स्ट ऑफिसर (म्हणजे सहवैमानिक) होऊन दीड वर्ष झालेलं, आणि हवाई दलातून आलेले कॅप्टन दर उड्डाणाला 'आमच्या स्क्वाड्रनमध्ये...' सुरू करून तुला 'पैसे भरून झालेला पायलट' म्हणतात. बोलावं की गप्प बसावं, हा तुझा प्रश्न. लहान आहेस असं धरून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

टोमण्यांचं नंतर बघू. आधी माझा गाढवपणा ऐक.

दाबोळी, नोव्हेंबर, स्वच्छ दुपार. सोमवार ते शुक्रवार सकाळी ८.३० ते १२.३० धावपट्टी नौदलाची, म्हणून त्यानंतर सगळ्यांची एकदम झुंबड. ए-३२० विमान कॅप्टन उडवत होते, जुने फायटरवाले. मी मॉनिटरिंगला, म्हणजे आकड्यांवर नजर ठेवून चूक दिसली की बोलायला. पुढच्या गर्दीमुळे एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) आम्हाला बराच वेळ वरच ठेवलं आणि मग धावपट्टी २६ वर उतरायला दिलं. ५०० फुटांवर वेग १२ नॉट जास्त, उतरण मिनिटाला १,३०० फूट. मॅन्युअलची मर्यादा १० नॉट आणि १,०००. मी म्हणायला हवं होतं 'स्पीड', 'सिंक रेट' (उतरण जास्त आहे), आणि तरी फरक नाही तर 'गो अराउंड' (उतरणं सोडून परत वर चला). तोंडातून निघालं काय, तर 'सर, थोडं हाय आहोत ना?', म्हणजे जरा उंचावर आहोत ना.

'दिसतंय, बेटा.' इंजिनाच्या थ्रस्ट लिव्हरवरचा हात हललासुद्धा नाही. टेकवलं मात्र लोण्यासारखं. मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

विमानात आपोआप नोंदला जाणारा डेटा टाळ्या ऐकत नाही. नवव्या दिवशी दोघांना कंपनीचं बोलावणं आलं. कॅप्टन खोटं बोलले नाहीत, तेच जास्त लागलं: 'त्याने प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं.' दोघांचंही उडणं बंद झालं. ते पाच आठवड्यांत परत उडायला लागले. माझी सिम्युलेटरची तारीख ज्या विभागाच्या हातात होती, त्याने सात महिने काढले. मेल केला की 'नोंद घेतली आहे', फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. फ्लाइंग अलाउन्स बंद, कर्जाचा हप्ता चालू. माझ्यामागून आलेली दोन पोरं माझ्याआधी कॅप्टन झाली. असो, यावर लिहायला बसलो तर रात्र पुरणार नाही.

पुढे तेच कॅप्टन एकदा क्रू रूममध्ये भेटले. चहा घेता घेता म्हणाले, 'तू गो अराउंड म्हणाला असतास तर मी विमान वर ओढलं असतं. आमच्यात विंगमनने "ब्रेक" म्हटलं की लीडर कारण विचारत बसत नाही.' (विंगमन म्हणजे सोबत उडणारा दुसरा पायलट, 'ब्रेक' म्हणजे ताबडतोब वळ.) मी गारच पडलो. मी त्यांच्या हुद्द्याला घाबरत होतो, आणि त्यांच्या कानाला सवय होती ठरलेल्या दोन शब्दांची. माझी आर्जवं त्यांना गप्पा वाटल्या.

म्हणून माझं मत (इन्स्ट्रक्टर नाही मी, तुझ्या कंपनीचं मॅन्युअल वेगळं असेल तर तेच खरं): वाक्यं जोडू नकोस. ठरलेला कॉल, ठरलेल्या आवाजात. उत्तर नाही, तर पुन्हा. 'ना', 'जरा', 'वाटतंय' हे शब्द १०,००० फुटांखाली तोंडात नकोत. गो अराउंड कुणीही म्हणावा, आणि त्यासाठी कुणाला शिक्षा करायची नाही, असं डीजीसीएचंच (नागरी विमान वाहतूक नियामकाचंच) धोरण आहे. २२ डिसेंबर १९९९ ला स्टॅनस्टेडहून निघालेलं कोरियन एअरचं मालवाहू ७४७ आठवून बघ. कॅप्टन हवाई दलातले, त्यांच्या बाजूचं उपकरण चुकीचं दाखवत होतं. फर्स्ट ऑफिसरच्या समोरचं बरोबर होतं, तरी तो बोलला नाही. फ्लाइट इंजिनिअर 'बँक' (विमान एका बाजूला कलतंय) म्हणत राहिला. मिनिटाभराच्या आत चौघे गेले.

पण सगळे फौजी एका माळेचे मणी समजू नकोस. एएन-३२ किंवा डॉर्निअरसारखी वाहतुकीची विमानं उडवून आलेला माणूस पहिल्यापासून दोघांच्या कॉकपिटमध्ये वाढलेला असतो. माझी गाडी अडते ती एकट्याने बसायची सवय असलेल्या फायटरवाल्यांशी, तीही सगळ्यांशी नाही. आणि खरं सांगू? जोराचा क्रॉसविंड (आडवा वारा) असेल तर शेजारी तेच असावेत असं मला वाटतं. ऑटोपायलट काढला की आपल्यातल्या कितीजणांचा हात थरथरतो, ते आपल्यालाच ठाऊक.

जाता जाता: मोपाच्या (उत्तर गोव्यातल्या विमानतळाच्या) पहाटेच्या फ्लाइट्स वाट्याला येत असतील तर घर म्हापसा-पर्वरीकडे बघ. वास्कोहून पिकअप म्हणजे झोपेचं खोबरं.

राहिला तो 'पैसे भरून' वाला टोमणा. त्यावर माझ्याकडे औषध नाही. मी हसून सोडून देतो. माझ्या कर्जाचा शेवटचा हप्ता गेल्या चवथीला गेला.