‘सोमवारी रात्री साडेबारा’ म्हणजे नेमकी कुठली रात्र?

प्रश्न नागपूरच्या प्रतापनगरातून आला आहे. एका वाहिनीवर पट्टी फिरत होती : ‘सोमवार, रात्री १२.३०’, आणि पुढे एका जुन्या चित्रपटाचं नाव. प्रश्नकर्त्याचे काका सोमवारी दुपारी झोप काढून, रात्री चहा करवून घेऊन टीव्हीसमोर बसले. चित्रपट आदल्या रात्रीच होऊन गेला होता. ‘अबे, सोमवारी रात्री लिहिलं होतं ना!’ हा काकांचा मुद्दा. पुतण्याचं म्हणणं असं, की बाराला तारीख बदलते, तेव्हा पट्टी बरोबरच होती. भाषेच्या अंगानं खरं कोणाचं?

काकांचं. पट्टीतला वार घड्याळाला धरून होता, पण मराठीत ‘सोमवारी रात्री’ म्हटलं की सोमवारचा दिवस आधी सरलेला असावा लागतो. आपल्याकडे वार सूर्योदयाला लागतो आणि पुढच्या सूर्योदयापर्यंत चालतो. पंचांग आजही तसंच मांडतात. त्यामुळे रात्र ही त्या त्या दिवसाच्या मागून येते. ‘शनिवारी रात्री एक वाजता बर्डीवरून घरी आलो’ असं कोणी सांगितलं, तर ‘म्हणजे रविवारी का?’ असं ऐकणारा विचारत नाही.

हा हिशेब सगळ्यांचा सारखा नाही, हेही खरं. नागपुरातल्या मोमिनपुऱ्यात, म्हणजे मुस्लिम वस्तीत, गुरुवारच्या रात्रीला शबे-जुमा म्हणतात, म्हणजे शुक्रवारची रात्र. इस्लामी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, तिथे रात्र आधी आणि दिवस नंतर. मध्यरात्रीला वार बदलणं हा तिसरा हिशेब, कचेरीचा आणि रेल्वेचा. चौदा तारखेच्या ००.२० च्या गाडीसाठी तेराच्या रात्रीच घरून निघावं लागतं. पण रेल्वे नुसते आकडे देते, ‘रात्री’ हा शब्द तिच्या वेळापत्रकात नसतो, म्हणून तिच्याशी भाषेचं भांडण नाही. भांडण होतं ते कचेरीतला वार आणि घरातली ‘रात्री’ एकाच पट्टीत कोंबल्यावर.

गंमत अशी, की ज्या धंद्यानं ही पट्टी लावली, तोच धंदा अमेरिकेत आणि जपानात काकांसारखाच दिवस मोजतो. अमेरिकेत ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ हा विनोदी कार्यक्रम १९७५ पासून शनिवारी रात्री साडेअकराला सुरू होऊन एकला संपतो. म्हणजे त्याचा बराचसा भाग रविवारीच होतो, पण नावातला शनिवार कोणाला खटकला नाही. डेव्हिड लेटरमनचा ‘लेट नाइट’ हा गप्पांचा कार्यक्रम जॉनी कार्सनच्या तशाच ‘टुनाइट शो’नंतर साडेबाराला लागायचा. त्याचा पहिला भाग १ फेब्रुवारी १९८२ चा म्हणून नोंदलेला आहे, तो सोमवार होता. घड्याळ लावून बसलं तर तो २ फेब्रुवारीला, मंगळवारी दिसला! तिकडच्या टीव्ही-धंद्यात प्रक्षेपणाचा दिवस साधारणपणे सकाळी सहा ते सकाळी सहा धरतात, म्हणून हे कोणाला विचित्र वाटत नाही.

जपानी लोकांनी तर घड्याळच लांबवलं. तिथल्या टीव्ही-वेळापत्रकात शुक्रवारी ‘२५.३०’ असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ शुक्रवारची रात्र पुढे चालू आहे, दीड वाजला आहे. मोठ्यांसाठीच्या कितीतरी अ‍ॅनिमे मालिका याच वेळेत लागतात, आणि बघणाऱ्याच्या मनात कुठल्या रात्री जागायचं याबद्दल शंका राहत नाही. मला ही युक्ती फार आवडते. मराठीत ‘शुक्रवारी रात्री साडेपंचवीस’ मात्र कोणी म्हणणार नाही, आणि म्हणूही नये.

आता खरी अडचण. वार सूर्योदयाला बदलतो म्हणावं, तर ‘सोमवारी पहाटे चार’ आपण बिनदिक्कत म्हणतो, आणि सूर्य तर उगवलेला नसतो. म्हणजे बोलीतली सीमा बाराला नाही, सूर्योदयालाही नाही. रात्र म्हणणं थांबून पहाट म्हणणं सुरू होतं तिथे ती आहे. रात्र मागच्या दिवसाची, पहाट पुढच्या दिवसाची. ती नेमकी किती वाजता, हे बोलणाऱ्यावर आहे. तीन वाजेपर्यंत जागलेला माणूस ‘रात्रीचे तीन’ म्हणतो. गजर लावून त्याच वेळी उठलेला ‘पहाटेचे तीन’ म्हणतो, आमच्याकडचा एखादा ‘पायटी’ म्हणेल. २०१४ च्या ब्राझीलमधल्या फुटबॉल विश्वचषकाचे काही सामने आपल्याकडे दीडला होते, काही साडेतीनला. दीडच्या सामन्याला सगळे ‘रात्रीची मॅच’ म्हणायचे. साडेतीनच्या सामन्याला जागून काढणारे रात्रीची आणि झोपून उठणारे पहाटेची म्हणायचे, आणि वारही त्याप्रमाणे एकानं पुढे-मागे व्हायचा. ‘रविवारी रात्री साडेतीन’ आणि ‘सोमवारी पहाटे साडेतीन’ ही एकच वेळ आहे आणि दोन्ही शुद्ध मराठी आहेत. चूक होते ती ‘सोमवारी रात्री साडेतीन’ म्हणण्यात.

पत्रात आणखी एक विचारलं आहे : ‘मध्यरात्री’ लिहिलं तर? त्यानं काही सुटत नाही. ‘रविवारी मध्यरात्री’ म्हणजे रविवार सुरू होतानाची की संपतानाची, हा घोळ वर्तमानपत्रांतल्या चोरीच्या बातम्यांत रोज असतो. ‘उत्तररात्री’ हा शब्द नेमका आहे, मध्यरात्रीनंतरच्या रात्रीसाठीच तो आहे, पण आमच्या नागपुरात तो बोलण्यात कोणी वापरत नाही, आणि पट्टीत घातला तर निम्म्यांना तो मालिकेचं नाव वाटेल. ‘अपरात्री’त वेळेपेक्षा तक्रार जास्त आहे.

तेव्हा पट्टी लिहिणाऱ्यांनी ‘रविवारी रात्री १२.३०’ लिहावं, आणि शंका वाटलीच तर ‘रविवार-सोमवारच्या रात्री १२.३०’. पडद्यावर चार-पाच अक्षरं जास्त बसतील. पुतण्यानं तारखेचाच आग्रह धरला, तर त्यानं ‘रात्री’ काढून नुसतं ‘सोमवार, ००.३०’ लिहावं, त्याला माझी हरकत नाही, काकांची असेल.