मुलगा गप्प आहे, खोदून विचारू का?

"काहीच बोलत नाही हो. आतल्या आत कुढतोय. विचारत राहू की सोडून देऊ?" मोठ्या धक्क्यानंतर बहुतेक आईवडील हेच विचारतात. ही आई तेव्हा कॅनडात, ला लोशला राहायची. (ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील बदललेत.)

सास्काटूनच्या वायव्येला सुमारे ६०० किलोमीटरवर, जेमतेम अडीच-तीन हजार वस्तीचं हे डेने आदिवासींचं गाव. २२ जानेवारी २०१६ रोजी १७ वर्षांच्या एका मुलाने आधी एका घरात दोन भावांना आणि मग शाळेत एक शिक्षक व एका साहाय्यक शिक्षिकेला गोळ्या घातल्या. सात जण जखमी झाले.

तिचा तेरा वर्षांचा मुलगा त्या दिवशी शाळेतच होता. ती रोज विचारायची, "आज काही आठवलं का? बोलून टाक." तो हेडफोन चढवायचा. बोललं की मन हलकं होतं हे खरं, पण ज्याचं त्याने बोलावं तेव्हा. धक्का बसलेल्याकडून घडलेलं लगेच वदवून घेतल्याने फायदा होत नाही, काहींचा त्रास उलट वाढतो; जागतिक आरोग्य संघटनाही ते करू नका म्हणते. मी प्रश्न थांबवायला सांगितले. जेवणखाण, झोप वेळेवर, आणि रोज एखादं काम दोघांनी मिळून करायचं.

एकदा पोळ्या भाजता भाजता तोच म्हणाला, "मी त्याच्याकडे गेलो तर चिडशील?"

'तो' म्हणजे याचा जिवलग मित्र, आरोपीच्या नात्यातला. अल्पवयीन आरोपीचं नाव छापायला तिथे कायद्याने बंदी, पण एवढ्याशा गावाला पेपर कशाला लागतो? घटनेनंतर "त्या घरी पाऊल टाकायचं नाही" असं आईनेच बजावलं होतं. तिची भीती मला समजते. पण दुकानात, चर्चमध्ये, शाळेत जिथे तीच माणसं रोज समोर येतात, तिथे पोराने मित्राला टाळायचं कसं? तोंड उघडलं तर मैत्री तुटेल, म्हणून तो गप्प होता. आई मात्र गोळीबाराबद्दलच विचारत राहिली.

मित्र मग यांच्याच घरी येऊ लागला. लॉकर आपटला की दचकणं मात्र थांबेना, त्यासाठी बालमानसतज्ज्ञांकडे पाठवलं. महिना उलटूनही झोप उडालेली असेल, शाळेचं नाव काढताच पोट दुखत असेल, तर तुम्हीही पाठवा. आणि "मीच मेलो असतो तर बरं" असं एकदा जरी म्हणाला, तर महिन्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.