ही वही कोणासाठी लिहिताय?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कॉलेजात एकांकिका लिहायचात, मडगावात तालमी बसवायचात, आणि लग्न, नोकरी, मुलं यांत बारा वर्षं एक संवाद लिहून झाला नाही. मग रोज सकाळी तीन पानं लिहायची आणि आठवड्यातून एकदा एकटीने बाहेर पडायचं, असं ठरवून सुरुवात केलीत. सतरा दिवसांत दोन्ही बंद. वहीत नुसतं रडगाणं येतं, लिहून झाल्यावर मन जड होतं, रात्री वाचलं की लाज वाटते. घरचे विचारतात, एकटीच कुठे चाललीस? मिरामारच्या किनाऱ्यावर गेलात तर सूर्यास्ताचा फोटो स्टेटसला टाकून कोणी बघितला तेच बघत बसलात. आणि शेवटी विचारलंत, माझ्यातलं ते संपलं का?

मला नाही वाटत संपलं. मी फोंड्याला राहते, सत्तावन्न वर्षांची आहे, आणि वही व एकटीचं फिरणं अकरा वर्षं धरून आहे. मध्ये आठ महिने सगळं बंद पडलं होतं, त्याचं कारण पुढे सांगते. तुमचं लिहिणं वाचताना सारखं जाणवलं की तुम्हाला कुठेच एकांत नाही. वहीपाशी रात्री तुम्हीच परीक्षक म्हणून येऊन बसता, आणि मिरामारच्या वाळूत स्टेटस बघणारे सगळे तुमच्या शेजारी बसलेले असतात. तुम्ही नाटकातल्या. पहिल्या वाचनाला हॉलचं दार आपण का लावून घेतो, हे मी तुम्हाला काय सांगणार?

ही पद्धत ज्युलिया कॅमेरॉन या अमेरिकन लेखिकेच्या १९९२ सालच्या पुस्तकातून जगभर पोचली. बारा आठवड्यांचा क्रम आहे: सकाळी उठल्या उठल्या हाताने तीन पानं, आणि आठवड्याला साधारण दोन तास एकट्याने, मनाला ओढ वाटेल अशा ठिकाणी. लोक एवढंच सांगतात आणि पुढचं विसरतात. पहिले आठेक आठवडे आपण लिहिलेलं आपणही वाचायचं नाही, असंही त्यात आहे. तुमचं गाडं तिथेच अडलं, असं माझं ठाम मत आहे. वाण्याची यादी, सासूबाईंची गुडघेदुखी, साहेबांनी चारचौघांत काय सुनावलं, हे सगळं कागदावर यायलाच हवं. ते उतरलं नाही तर दिवसभर डोक्यात तेच घोळत राहतं. पण ते वाचायला म्हणून लिहिलेलं नसतं.

डबे भरून, नोकरी सांभाळून तीन पानं होत नसतील तर दीड लिहा. मी पहिली चार वर्षं दीडच लिहिली, सकाळी पोदेराचा, म्हणजे दारावर येणाऱ्या पाववाल्याचा, भोंगा वाजेपर्यंत. भोंगा वाजला की वही बंद, वाक्य अर्ध्यावर असलं तरी. ते अर्धं वाक्य दुसऱ्या दिवशी सुरुवात करायला फार कामाला येतं.

मन जड होतं म्हणालात, ते होतंच. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने ऐंशीच्या दशकात अमेरिकेत विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टी लिहायला लावल्या होत्या. लिहिल्या लिहिल्या त्यांना वाईटच वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. मात्र एकच जखम रोज उकरली जात असेल, झोप उडत असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जा.

आता भाषेचं. हे सहसा कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्ही वहीतली दोन वाक्यं प्रश्नात दिलीत: 'आज मन उद्विग्न आहे. कर्तव्यांच्या ओझ्याखाली माझ्या प्रतिभेचा श्वास कोंडतो आहे.' ताई, हे तुम्ही कोणाशी बोलताय? आपण गोव्यातली माणसं घरात कोंकणी बोलतो आणि शाळेपासून लिहितो मराठी. दोन्ही आपल्याच. पण लिहायला बसलं की शाळेतल्या बाईंनी शाबासकी दिलेली निबंधाची मराठी हातात येते, आणि भावाशी भांडताना तोंडात आलेले शब्द दाराबाहेर राहतात. माझीही पहिली वही अशीच होती. एके दिवशी आईच्या आजारपणावरून डोकं इतकं तापलं होतं की मी सरळ 'हांव कितें करूं, सांग!' असं लिहून टाकलं, आणि मग दोन पानं हात थांबलाच नाही. त्यात कोंकणी होती, मराठी होती, ऑफिसातले इंग्रजी शब्द होते, शिव्याही होत्या. बोरीच्या बाकीबाब बोरकरांनी दोन्ही भाषांत कविता लिहिल्या. आपल्याला आपल्याच वहीत दोन्ही वापरायला कोणाची परवानगी लागते? तुम्हाला तर संवाद लिहायचे आहेत. वहीत तुमचंच तोंड मिटलेलं राहिलं, तर एकांकिकेतली पात्रं बोलणार कशी?

आणि वही सुरक्षित हवी. माझे आठ महिने गेले ते यामुळे. घरातल्याच एका माणसाने दुपारी माझी वही वाचली आणि रात्री जेवताना त्यातलं एक वाक्य सगळ्यांसमोर म्हणून दाखवलं. मी ताटावरून उठले नाही, काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी वही उघडली तर हात चालेना. लिहायला घेतलेलं प्रत्येक वाक्य जेवणाच्या टेबलावर कसं ऐकू येईल, तसंच मला ऐकू यायला लागलं.

पुन्हा सुरू केलं ते मुलांच्या जुन्या वह्यांतल्या उरलेल्या कोऱ्या पानांवर. शनिवारी सकाळी आठवड्याची पानं फाडायची आणि न्हाणीत पाणी तापवायच्या भाणाखाली सारायची. पहिलं पान कडेने काळं पडत वळलं, शाईची अक्षरं क्षणभर चकचकली आणि गेली. वाईट वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही. दुसऱ्या आठवड्यापासून मी खरं लिहायला लागले. तुमच्याकडे चूल नसेल तर फाडून बादलीत भिजवा. घरात कोणी वाचणार नाही अशी खात्री असली तरी महिनाभर हे करून बघाच.

बाहेर पडण्याचं अवघड आहे, खोटं कशाला सांगू? 'कितें गो, एकलीच?' हा प्रश्न बसमध्ये, बाजारात, देवळात, कुठेही येतो, कारण गोव्यात ओळखीचं माणूस भेटल्याशिवाय राहत नाही. सुरुवातीला मी खोटी कामं सांगायचे. त्यात जीव थकतो, आणि घरी परतल्यावर त्या कामाचं काय झालं तेही रचावं लागतं. मग मी वार ठरवून टाकला. 'बुधवारी ऑफिस सुटल्यावर मी दोन तास उशिरा येणार,' एवढंच सांगितलं, कारण दिलं नाही. तीन आठवडे चौकशा झाल्या. चौथ्या आठवड्यापासून बुधवारचा चहा घरातली मंडळी स्वतः करून घ्यायला लागली.

पहिल्या काही वेळा अशी जागा निवडा जिथे एकटी बाई कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. पणजीला पाटोवरचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय त्यासाठी उत्तम, कदंब बसस्थानकावरून चालत जाता येतं. १८३२ साली सुरू झालेलं, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांतलं एक. तिथे नाटकांच्या पुस्तकांपुढे तासभर उभ्या राहिलात तरी कोणी विचारणार नाही.

माझी जागा मात्र चोडण. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे उतरलं की सलीम अली पक्षी अभयारण्य तिथेच आहे. लोक पक्ष्यांसाठी वर बघतात, मी खाली बघते. ओहोटीला खारफुटीची टोकदार मुळं चिखलातून काड्यांसारखी वर आलेली असतात आणि त्यांच्यामधून इवले इवले खेकडे फिरतात. नराची एक नांगी जवळजवळ अंगाएवढी, ती वर करून तो मादीला खुणावतो. माझी सावली पडली की सगळे एकदम बिळात. मग हलायचं नाही. दोन-तीन मिनिटांनी एका बिळाच्या तोंडाशी चिखल किंचित थरथरतो, नांगीचं टोक दिसतं, मग शेजारच्या बिळात तसंच. तेवढ्या वेळात मोबाईल काढला की पुन्हा सगळं शून्यावर येतं. पहिल्या वेळी मला मिनिटभरही उभं राहवलं नव्हतं. सवय व्हायला पावसाळा उलटला.

मी डोळ्यांची माणूस, चित्रं काढणारी. तुम्ही कानाच्या. म्हणून मिरामार तुमच्यासाठी मुळात चुकीचं होतं, असं मला वाटतं. जिथे माणसं कामापुरतं, घाईत, एकमेकांना तोडत बोलतात तिथे जा. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आहे. तुमच्या पायाखालचं मडगावचं न्यू मार्केट आहे, पण तिथे तुम्ही नेहमी पिशवी आणि यादी घेऊन जाता. आता बिनपिशवीच्या जा. अबोलीच्या फांतीवरून, म्हणजे गजऱ्यावरून, फुलवालीचं आणि गिऱ्हाइकाचं किती शब्दांत बिनसतं आणि किती शब्दांत जुळतं, ते उभं राहून ऐका. घरी आल्यावर एका लहान डायरीत पाच वाक्यं उतरवा, कानावर पडली तशी. सुधारायची नाहीत, त्यांची गोष्ट करायची नाही, बोलणारं कोण ते लिहायचं नाही. ही डायरी सकाळच्या वहीपेक्षा वेगळी ठेवा, ती जाळायची नाही.

फोंड्याच्या बसमध्ये एकदा मागच्या सीटवरून एक बाई दुसरीला म्हणाली, 'तो बरो आसा गो, पूण तो घरांत आसल्यार घर ल्हान जाता.' माणूस चांगला आहे, पण तो घरात असला की घर लहान होतं. मी मागे वळून बघितलं नाही. सहा वर्षं ते वाक्य माझ्याकडे पडून आहे आणि मी त्याचं काही करू शकले नाही, कारण ते माझ्या हातातलं काम नव्हे. तुमच्या कानावर पडलं असतं तर त्याला समोरून उत्तर देणारं माणूस तुम्हाला लगेच ऐकू आलं असतं.

मे महिन्यात जमलं तर कुर्डीला जा. सांगे तालुक्यातलं हे गाव साळावलीच्या धरणात बुडालं, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की घरांची जोती वर येतात. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव. जुने रहिवासी त्या दिवसांत परत येतात. मी गेले तेव्हा एक म्हातारे गृहस्थ गुडघाभर उंचीच्या चिऱ्यांच्या चौकोनात उभे राहून नातीला 'ही ओसरी, ही न्हाणी' असं दाखवत होते, आणि ती मुलगी जिथे दार असेल तिथूनच आत-बाहेर करत होती, भिंत नसतानाही. तिथे मात्र पहिल्यांदा एकट्या जाऊ नका, बराच भाग निर्मनुष्य असतो. कोणाबरोबर तरी जा आणि पोचल्यावर तासभर वेगळ्या फिरा.

माझं चित्र परत आलं ते वहीत नाही आणि चोडणलाही नाही. तिसऱ्या वर्षी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचं, सामान ओसरीवर पसरलं होतं. तोरिंजन, लिंबाच्या जातीचं मोठं फळ, बांधायला म्हणून उचललं आणि त्याच्या सालीवरची बारीक भोकं, देठाजवळच्या सुरकुत्या बघत तशीच बसून राहिले. मग मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने काढायला घेतलं. सत्तावीस वर्षांनी. चिखलाकडे बघत न हलता उभं राहायची सवय लागली नसती, तर मी ते फळ बांधून पुढच्या कामाला लागले असते. तेव्हापासून दर चवथीला एक फळ काढते. ती चित्रं आजवर दोन माणसांनी पाहिली आहेत.

एक विनंती. कला अकादमीची नाट्यस्पर्धा डोळ्यांपुढे ठेवून वही सुरू करू नका. बारा आठवडे एकांकिका लिहायची नाही, असंच ठरवा. हात शिवशिवला तर शिवशिवू दे. पाच वाक्यांना कधीतरी आपसूक सहावं जोडलं जाईल आणि ते तुम्ही ऐकलेलं नसेल. त्या दिवशी नवीन वही काढा.

आधीची वही वाचून बघायला जाऊ नका, उद्या सकाळी कोऱ्या पानावर सुरू करा. शुक्रवारी रजा मिळत असेल तर म्हापसा, नाहीतर शनिवारी सकाळी न्यू मार्केट. फोन बंद करून पर्समध्ये तळाशी ठेवा. आणि त्या पाच वाक्यांतलं एखादं इतकं सुंदर निघालं की मला कळवावंसं वाटलं, तरी बारा आठवडे मलासुद्धा कळवू नका.