व्हेंटिलेटर काढणे हे कॅथलिक शिकवणुकीनुसार पाप आहे का?

आपली आई तीन आठवड्यांपासून व्हेंटिलेटरवर आहे, सुधारणेची आशा नसल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे, आणि तो काढला तर पाचव्या आज्ञेचा ("खून करू नकोस") भंग होईल का, असे आपण विचारले आहे. होत नाही. इतक्या ठामपणे लिहितो, कारण याच आज्ञेचा आधार घेऊन माझ्या सख्ख्या भावाने मला खुनी ठरवले होते.

आम्ही वसईचे. पप्पांचे वय ८१ होते आणि त्यांची फुप्फुसे हळूहळू निबर होत चालली होती. पहिल्या खेपेस व्हेंटिलेटरवर ठेवले, तेव्हा त्यांनी नळी उपसू नये म्हणून दोन्ही मनगटे गॉजच्या पट्ट्यांनी खाटेच्या दांडीला बांधली होती, आणि त्या बांधलेल्या हाताचा अंगठा तर्जनीवरून सारखा सरकत होता, कारण रोझरीचे मणी ओढायची त्यांची सवय सुटत नव्हती. अकराव्या दिवशी नळी निघाली. घरी आल्यावर ते मला म्हणाले, "परत ते घशात घालू देऊ नकोस." चार महिन्यांनी पुन्हा धाप लागली, तेव्हा मी नळीला नकार दिला. ऑक्सिजनचा मास्क ठेवला, जीव घाबरा होऊ नये म्हणून डॉक्टरांनी मॉर्फिनची लहान मात्रा सुरू केली, फादरांनी येऊन तैलाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार) दिला, आणि तिसऱ्या पहाटे पप्पा गेले. दादा कुवेतहून मातीला पोहोचला आणि सगळ्या नातलगांसमोर म्हणाला, "तू पप्पांना मारलंस."

त्या दिवशी मला जे सांगता आले नाही, ते असे. सोळाव्या शतकात सालामांका येथील डॉमिनिकन पंडित फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी म्हटले होते की, वैद्याने कोंबडी खायला सांगितली तरी रोग्याने ती खाल्लीच पाहिजे, असे बंधन नाही. त्याच विचाराच्या आधारे पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे स्पष्ट केले की, जीव राखण्यासाठी माणूस साधारण उपायांनाच बांधील असतो, म्हणजे स्वतःवर किंवा इतरांवर जड ओझे न टाकणाऱ्या उपायांना. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा २२७८वा परिच्छेदही हेच सांगतो: अपेक्षित फळाच्या मानाने अवाजवी ठरणारे उपचार थांबवणे म्हणजे मृत्यू घडवणे नव्हे, तो टाळता येत नाही हे स्वीकारणे होय. दयामरणात मृत्यू हाच हेतू असतो, म्हणून ते निषिद्ध आहे. मॉर्फिनचा हेतू वेदना आणि धाप शमवणे हा असतो. त्याने आयुष्य थोडे घटण्याचा संभव असला, तरी मरण हेतू नसेल तर ते देता येते, हेही बाराव्या पायस यांनी त्याच वर्षी सांगितले होते. पोप दुसरे जॉन पॉल २००५ साली अखेरच्या दिवसांत पुन्हा इस्पितळात गेले नाहीत, आपल्या खोलीतच राहिले. त्यांना कोणी मारले, असे दादा म्हणेल काय?

एक गोष्ट मात्र आधीच लिहायला हवी होती. नळीने दिले जाणारे अन्नपाणी व्हेंटिलेटरच्या पंक्तीत बसत नाही. शरीर ते स्वीकारत असेल, तर ती साधारण शुश्रूषा मानली जाते, आणि २००७ साली रोमने (व्हॅटिकनने) हे पुन्हा स्पष्ट केले आहे. शिवाय आपल्या आईवर या उपचाराचे ओझे किती, हे मी इथून ठरवू शकत नाही. कायद्याच्या दृष्टीने सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आणि २०२३ मध्ये त्यातील सोपी केलेली पद्धत लागू होते. त्यानुसार इस्पितळात डॉक्टरांच्या दोन मंडळांचे मत घ्यावे लागते, त्यामुळे डॉक्टरांशी तोंडी बोलून भागत नाही.

आणि आईने पूर्वी काही सांगितले असेल, तर ते सर्व भावंडांना आजच सांगा. जे परदेशी असतील, त्यांना व्हिडिओ कॉलवर घेऊन आईची मनगटे दाखवा. दादाला मी ती कधीच दाखवली नाहीत. पप्पांच्या त्या अकरा दिवसांत मी त्याला फोनवर "ठीक आहेत" एवढेच सांगत राहिलो.