मेलाटोनिनची गोळी कुटून द्यावी का?

प्रश्न : सासऱ्यांचं वय ७४. रात्री ९ ला आडवे होतात, १० च्या सुमारास डोळा लागतो आणि ३ ला टक्क जागे. डॉक्टरांनी मेलाटोनिन (झोपेचं हार्मोन) २ मि.ग्रॅ. पीआर लिहून दिलं आहे. गोळी घशाखाली उतरत नाही, म्हणून मी कुटून मधातून देते. गुण नाही. स्प्रे, जिभेखालची गोळी किंवा गमी (चघळायची जेलीसारखी गोळी) देऊ का?
– एक वाचिका, सांगली

उत्तर : आधी कुटणं थांबवा. पीआर गोळी औषध काही तास हळूहळू सोडत राहते; चुरली की सगळा डोस एकदम सुटतो. रक्तातलं मेलाटोनिन साधारण पाऊण तासाला निम्मं होतं, मग ९ ला दिलेल्यातलं ३ पर्यंत काय उरणार? गोळी अख्खीच गिळायची, जेवणानंतर, झोपण्याच्या १–२ तास आधी. गिळायचा त्रास अलीकडेच सुरू झाला असेल, तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगा; त्याची वेगळी तपासणी लागते.

स्प्रे आणि जिभेखालची गोळी चटकन चढते, चटकन उतरते. पहाटे जाग येते त्यावर तिचा उपयोग नाही. गमी तर नकोच. अमेरिकेत २५ गमी तपासल्या, त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले : एकीत मेलाटोनिन सापडलंच नाही, बाकींत लेबलच्या ७४ ते ३४७ टक्के. डोसही परस्पर वाढवू नका. ५–१० मि.ग्रॅ. ने सकाळी गुंगी राहू शकते, आणि या वयात बाथरूमला उठताना तोल गेला तर खुब्याचं हाड मोडतं.

आता मुख्य गोष्ट. १० ते ३ म्हणजे ५ तास झाले. त्यात दुपारची वामकुक्षी धरा. त्यांच्या शरीराचं झोपेचं घड्याळच लवकर धावत असेल, तर संध्याकाळचं मेलाटोनिन झोपेची आणि जागेपणाची वेळ आणखी अलीकडे आणू शकतं. म्हणून दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, संध्याकाळी उजेडात फिरायला न्या, आणि रात्री १०.३० च्या आधी अंथरूण नको. हे जमलं की गोळी लागेलच असं नाही. तिने झोप सरासरी काही मिनिटंच लवकर लागते.

लघवीला जाण्यासाठी जाग येते का, हेही पाहा. तसं असेल तर इलाज प्रोस्टेटचा किंवा लघवीच्या गोळीची वेळ बदलण्याचा. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं असेल तर तेही सांगा.

फ्लुवोक्सामीनसोबत (नैराश्यावरचं औषध) मेलाटोनिन घेऊ नये. वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन (अँटिबायोटिक) चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, आणि ही गोळी घेतली त्या रात्री दारू बंद.