बीपी नॉर्मल, पण गुडघे गार

शॉकबद्दल जे प्रश्न येतात, त्यांतल्या निम्म्यांत एक वाक्य ठरलेलं असतं, ‘पण बीपी तर नॉर्मल होतं.’ त्यामुळे ते उत्तर लांबलंय. बाकीची आटोपशीर आहेत.

वाईट बातमी ऐकून माणसाला शॉक बसतो, तोच का हा?

नाही. तो मनाला बसलेला धक्का. हा शॉक म्हणजे पेशींना पुरेसं रक्त, म्हणजेच पुरेसा प्राणवायू, न पोचणं.

भाऊ दुचाकीवरून पडला. बाहेर रक्त नाही, बीपी 110/70. तरी डॉक्टर म्हणाले, ‘शॉकमध्ये जातोय’, आणि रक्ताची सोय करायला लावली. उगाच घाबरवलं का?

त्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. रक्त कमी पडायला लागलं की शरीर आधी कातडी, आतडी, मूत्रपिंडं यांचा पुरवठा आखडतं आणि मेंदू-हृदयाला देतं. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय धावायला लागतं, म्हणून आकडा टिकून राहतो. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं. त्यातलं 15 ते 30 टक्के गेलं तरी वरचं बीपी बऱ्याचदा जागेवर असतं. प्लीहा (पोटात डावीकडे असलेला, रक्तानं भरलेला अवयव) फाटली तर त्याहून जास्त रक्त पोटातच मावतं, बाहेर थेंबही दिसत नाही. लहान मुलांचं बीपी तर फार उशिरापर्यंत टिकतं आणि मग एकदम कोसळतं.

शिकाऊ असताना मीही फसलोय. काळी शौच होते (म्हणजे पोटात आत रक्त जात असावं) म्हणून आलेले एक आजोबा. बीपी 110. मी केसपेपरवर ‘स्थिर’ लिहून मोकळा. वरिष्ठांनी चादर बाजूला करून गुडघ्यावर हात ठेवला. गुडघे गार, त्यावर जांभळट जाळी उमटलेली. त्यांनी मुलाला दोनच प्रश्न विचारले. नेहमीचं बीपी किती? 170. शेवटची लघवी कधी झाली? काल रात्री. पुढचं मला सांगावं लागलं नाही.

तर बघायचं ते हे: धावती नाडी, जलद श्वास, गार चिकट घाम, बेचैनी, आटलेली लघवी. बोटाचं नख 5 सेकंद दाबून सोडा. 3 सेकंदांनंतरही पांढरंच असेल तर रक्त तिथवर नीट पोचत नाहीये. गारठ्यात ही खूण फसवते, आणि बीटा-ब्लॉकर (हृदयाची गती मंदावणारं औषध) घेणाऱ्याची नाडी धावेलच असं नाही. म्हणून एका खुणेवर विसंबून घरी थांबू नका. ‘थोडा वेळ बघू’ म्हणत घालवलेला वेळ पुढे कुठल्याच औषधानं भरून निघत नाही.

वडिलांना हार्ट अटॅकनंतर शॉक आला, पण सलाईन मोजूनमापून देत होते. शेजारच्या रुग्णाला मात्र बाटलीमागून बाटली. असा दुजाभाव का?

दुजाभाव नाही, आजार वेगळे. शेजाऱ्याला जुलाब-उलट्या असतील तर त्याची टाकी रिकामी झाली होती, ती भरायचीच. (रक्त गेलं असेल तर रक्त द्यावं लागतं, नुसतं मीठपाणी नव्हे.) तुमच्या वडिलांचा पंपच दमला होता. वरून ओतत राहिलं तर पाणी फुप्फुसांत साचतं. तिथे बंद धमनी लवकर उघडणं हा खरा इलाज. तिसऱ्या प्रकारात वाटच अडलेली असते: छातीत दाबाखाली कोंडलेली हवा, हृदयाभोवती साचलेलं पाणी, फुप्फुसाच्या धमनीतली गुठळी. कोंडलेली हवा सुईनं सोडली की काही मिनिटांत रुग्णाचा रंग पालटतो.

आणि अशक्तपणावर ‘ताकदीची सलाईन’ विकणाऱ्यांबद्दल: एका लिटरमध्ये 9 ग्रॅम मीठ असतं. ताकद कुठे आहे ते त्यांनाच विचारा.

आईला लघवीचा संसर्ग होता. हातपाय तर गरम होते, मग शॉक कसा?

जंतुसंसर्गात रक्तवाहिन्या सैलावतात, त्यामुळे सुरुवातीला हातपाय उबदार राहू शकतात. तापात माणूस असंबद्ध बोलू लागला, ग्लानीत गेला, की रुग्णालय गाठा. अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं. सलाईननं भागलं नाही तर सैलावलेल्या रक्तवाहिन्या आवळणारं नॉरअ‍ॅड्रेनालिन लागतं. घरात उरलेल्या गोळ्या देऊन बघू नका.

वेदनाशामक गोळीनंतर अंगावर गांधी आल्या, घसा आवळला, भोवळ आली. अ‍ॅलर्जीची गोळी घेतली तर पुरे ना?

नाही. त्या गोळीनं खाज थांबते, शॉक नाही. इथे औषध एकच, अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, लगेच. आडवं राहा, एकदम उठून चालू नका. बरं वाटलं तरी काही तास देखरेखीखाली थांबा, त्रास उलटू शकतो. ती वेदनाशामक गोळी पुन्हा घ्यायची नाही, आणि जवळ इंजेक्शन बाळगायचं का हे तज्ज्ञांना विचारा.

मनगटी घड्याळावर बीपी दिसतं. घेऊ का?

शॉक ओळखायला? नको. गार पडलेल्या बोटावर ऑक्सिमीटरसुद्धा चुकतो.

रुग्णवाहिका येईपर्यंत पाय उंच करून साखरपाणी पाजावं का?

पाजू काहीच नका. ठसका लागून श्वासनलिकेत जाईल, शिवाय शस्त्रक्रिया लागू शकते. सपाट झोपवा, पांघरूण घाला, रक्त वाहत असेल तर घट्ट दाबून धरा. धाप लागली असेल तर बसू द्या. मानेला, पाठीला मार असेल तर हलवू नका. आणि फोनवर बीपीच्या आकड्याबरोबर हातपाय गार आहेत का आणि शेवटची लघवी कधी झाली, तेही सांगा.