गाई आहेत म्हणून मेंढ्या राखल्या जात नाहीत

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

मेंढ्यांबरोबर चार गाई सोडल्या की लांडगा फिरकणार नाही, हा तुझा हिशेब अर्धाच बरोबर आहे. गाईला मेंढीचं काही पडलेलं नसतं. ती स्वतःपुरती शिंगं रोखून उभी राहते, एवढंच. मेंढी तिच्या पायांत शिरली तर वाचते. पण भ्यालेल्या मेंढ्या एकमेकींना चिकटतात आणि गाईंना सोडून भलतीकडेच धावत सुटतात.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या होर्नाडा प्रायोगिक कुरणावर १९८०च्या दशकात हे नीट तपासून पाहिलं गेलं. तिथला शत्रू कोयोट, म्हणजे लांडग्याचाच लहान भाऊबंद. कोवळी कोकरं काही आठवडे कालवडींबरोबर एकाच आवारात कोंडून वाढवली, की पुढे मोकळ्या रानातही ती गाईंच्या मागेच चरत आणि धोका दिसला की त्यांच्यात घुसत. अशी सोबत न लाभलेल्या मेंढ्या कोयोटांच्या तावडीत सापडत.

तेव्हा जुन्या मेंढ्यांच्या नादी लागू नकोस. पुढच्या वेताच्या कोकरांचं दूध तुटलं की त्यांना दीड-दोन महिने गरीब स्वभावाच्या कालवडींजवळ ठेव. आधी मधे जाळी, मग एकत्र. मारकी गाय त्यात अजिबात नको. आणि ही सोबत एकतर्फी असते, हे ध्यानात ठेव: मेंढ्या गाईंमागे जातील, गाई मेंढ्यांसाठी थांबणार नाहीत.

हे सगळं दिवसाचं, माळावरच्या लांडग्यापुरतं. रात्री उसातून येणारा बिबट्या वेगळा. आपल्याकडे गाय रात्री दाव्याला असते. ती स्वतःलाच वाचवू शकत नाही, मेंढीला काय वाचवणार? वाघर, म्हणजे मेंढ्यांभोवती लावायची जाळी, मेंढ्यांना आत ठेवते, बिबट्याला बाहेर ठेवत नाही. वरूनही जाळी मारलेला, दाराखाली फट नसलेला वाडा बांध. आधी हा खर्च कर, गाई नंतर घे.

एकत्र चारण्याचा फायदा आहेच. गाय उंच गवत जिभेनं ओढते, मेंढी बुडखा कुरतडते. मेंढीचे बरेचसे जंत गाईच्या पोटात मरतात. पण गाईचं खनिज मिश्रण मेंढीला देऊ नकोस. त्यातलं तांबं तिच्या यकृतात साठत जातं आणि एके दिवशी धडधाकट दिसणारी मेंढी आडवी होते. मेंढ्या एक विषाणूही बाळगतात. त्यांना काही होत नाही, पण गाई-म्हशींना त्यापासून मॅलिग्नंट कॅटारल फीवर होतो. जोराचा ताप, नाकातून घाण, डोळ्यावर पांढुरका पडदा दिसला, तर डॉक्टरांना मेंढ्या जवळ असल्याचं आवर्जून सांग. ते विचारतीलच असं नाही.

विष घालायचा विचारही नको. लांडगा आणि बिबट्या दोघेही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत आहेत, आणि विषानं आधी तुझाच कुत्रा मरेल. मेंढी मारली गेलीच, तर ती उचलू नकोस, पुरू नकोस. जागेवरच फोटो काढ, त्याच दिवशी वनरक्षकाला कळव आणि पंचनाम्याची प्रत मागून घे.

तुझा,
काका